हेरविद्येचे सराव जंगलात नकोत, भर वस्तीत घ्यावेत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. शाळकरी मुलांच्या सुटीतील शिबिरांमध्ये हेरविद्येवर आधारलेले सराव अलीकडे आवडीने घेतले जातात. ठरलेल्या व्यक्तीवर तिला कळू न देता नजर ठेवणे, एकाने ठरलेल्या जागी निरोप ठेवणे आणि दुसऱ्याने तो कोणाच्या लक्षात न येता उचलणे, आपल्या मागावर कोणी आहे का हे मागे वळून न पाहता ओळखणे, आणि शेवटी जे पाहिले तेवढेच, पदरचे काही न घालता, अहवालात लिहिणे, असे या सरावांचे स्वरूप असते. शाळेत शिकवत असताना स्काउट पथकाबरोबर आणि निवृत्तीनंतर ठाण्यातील किशोरवयीन मुलांबरोबर मी हे सराव घेत आलो आहे. त्यांसाठी आधी फिरून जागा पाहून ठेवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असते, आणि त्याच कामाविषयी हे पत्र आहे.

नव्याने शिबिरे घेऊ लागलेले तरुण कार्यकर्ते मला जागांविषयी विचारतात तेव्हा त्यांच्या मनात काही नावे आधीच ठरलेली असतात: येऊर, पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या, खाडीकाठची खारफुटी. हेराचे काम लपूनछपून चालते, म्हणून त्याची तालीमही माणसांपासून दूर, झाडीत आणि काळोखात व्हावी, असा त्यामागचा समज आहे. हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि ठाणे आणि नवी मुंबई या आपल्या दोन शहरांपुरता तो धोक्याचाही आहे. अशा सरावांसाठी आडोसा जरूर हवा, परंतु तो वर्दळीच्या, उजेडाच्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या ठिकाणीच शोधला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तशा जागा रीतसर मिळाव्यात यासाठी ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या उद्यान विभागांनी थोडी व्यवस्था करावी, अशी विनंती आहे.

प्रथम धोक्याविषयी लिहितो. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्यांचा कायमचा वावर आहे, आणि दिवस मावळण्याची जी वेळ शिबिर घेणाऱ्यांना सर्वांत रंगतदार वाटते त्याच वेळी बिबट्या हिंडू लागतो. वाकून चालणारे, झुडपाआड दबा धरून बसणारे, आवाज न करणारे बारा वर्षांचे मूल त्याला कसे दिसत असेल, याचा विचार त्या मुलाला तिथे बसवणाऱ्याने करायला हवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही, हा भाग वेगळाच. शिवाय येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचे ठाणे आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम ३ मध्ये देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतूने प्रतिबंधित जागेच्या जवळ जाणे, तिची पाहणी करणे, तिचे रेखाटन किंवा टिपण करणे हे सर्व गुन्हे म्हणून सांगितलेले आहेत. आमच्या सरावात मुले कच्चे नकाशे काढतात, कोण केव्हा आले आणि गेले त्याच्या वेळा टिपतात, निरोप सांकेतिक लिपीत लिहितात. संरक्षण दलाच्या कुंपणाजवळ एखाद्या मुलाच्या वहीत हे सारे सापडले, तर हेतू निर्दोष होता हे पुढे सिद्ध होईलही, परंतु तोपर्यंत त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना जे सोसावे लागेल त्याची भरपाई कोणताही आयोजक करू शकणार नाही.

खारफुटीची गोष्ट याहून बिकट आहे, कारण तिथला धोका दिसत नाही. भरतीचे पाणी खारफुटीत समोरून चालून येत नाही. ते लहानमोठ्या चरांमधून चढत जाते आणि माणूस आत उभा असताना त्याची परतीची वाट आधी बुडते. पायाखालचा चिखल गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. ज्यांचे आयुष्य खाडीवर गेले आहे असे कोळी बांधवसुद्धा ओहोटीचा हिशेब मांडल्याखेरीज आत शिरत नाहीत, तिथे शिबिरातल्या मुलांना लपायला पाठवणे हा बेजबाबदारपणा आहे. ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि खारफुटीच्या संरक्षणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल कडक आहे. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात जीव गेलेले आहेत आणि त्या दिवसांत तिथे जाण्यास मनाई असते. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

याच परिसरातील आणखी एक घटना आयोजकांनी लक्षात ठेवावी. सप्टेंबर २०१६ मध्ये उरण येथील शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले. उरणला नौदलाचा तळ आहे. त्या एका माहितीवरून संपूर्ण किनारपट्टीवर सावधानतेचा इशारा दिला गेला आणि नौदल व पोलिसांनी मोठी शोधमोहीम राबवली; हाती काही लागले नाही. यंत्रणांनी जे केले ते योग्यच होते. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि २००६ साली उपनगरी गाड्यांत स्फोट झाले, त्या आपल्या भागात संशयाची कोणतीही खबर गंभीरपणे घेतलीच पाहिजे. मग अशा भागात डोंगरावर दबा धरून बसलेली, दुर्बिणीतून पाहणारी, हातवारे करून एकमेकांना खुणा करणारी पोरे एखाद्या गावकऱ्याने पाहिली, तर तो पोलिसांना कळवणार, आणि त्याने ते कळवायलाच हवे.

आता मूळ समजाकडे वळतो. हेर निर्जन जागी काम करतो, या कल्पनेला इतिहासाचा फारसा आधार नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात एका जागी राहून काम करणाऱ्या हेरांचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत विद्यार्थ्याच्या रूपातला कापटिक आहे, शेतकऱ्याच्या रूपातला गृहपतिक आहे आणि व्यापाऱ्याच्या रूपातला वैदेहक आहे. ही सगळी माणसे लोकांत उठबस असणारी आहेत. बहिर्जी नाईकांचे नाव आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या स्वारीपूर्वी त्यांनी जी माहिती आणली ती एका गजबजलेल्या बंदराची, तिथल्या पेढ्यांची आणि सावकारांच्या वाड्यांची होती. अशी माहिती रानात बसून मिळत नाही.

ठाणेकरांना तर इतके लांब जाण्याचेही कारण नाही. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनानंतर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भीतीने पहारा गोऱ्या सैनिकांचा होता. इंग्रजांनीच नोंदवून ठेवलेली हकीगत अशी की, किल्ल्यातील एका अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करताना आणि फिरवताना त्रिंबकजींच्या खिडकीखालून जात-येत मराठीत गाणी म्हणत असे. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. सुटकेची तयारी कशी आणि कुठे आहे, हे त्या गाण्यांतून सांगितले जात होते, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून निसटले. निरोप देणारा माणूस सर्वांसमोर होता, त्याचा आवाज सर्वांना ऐकू येत होता, आणि घोड्याची देखभाल करणे हेच त्याचे रोजचे काम असल्यामुळे तो तिथे का आहे हा प्रश्न कोणालाही पडला नाही. जागा निवडण्याचे शास्त्र एवढ्यात सगळे आले. ठाण्यातील मुलांना ही हकीगत शाळेत सांगितली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विसाव्या शतकातही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात गुप्त कारवाया करणाऱ्या ब्रिटनच्या एस.ओ.ई. या संघटनेने स्कॉटलंडमधील अरिसेगच्या दुर्गम भागात आपल्या लोकांना शस्त्रे आणि स्फोटके शिकवली, कारण त्या कामाला एकांत लागतोच. कॅनडात ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी डिसेंबर १९४१ मध्ये सुरू झालेले ‘कॅम्प एक्स’ हे तळही याच कारणासाठी शेतजमिनीत वसवलेले होते. मात्र खोटी ओळख धारण करून राहणे, पाठलाग ओळखणे आणि निरोप पोहोचवणे यांची शेवटची परीक्षा भर शहरात होत असे. टिपू सुलतानच्या वंशातील, एस.ओ.ई.च्या हेर नूर इनायत खान यांना फ्रान्समध्ये उतरवण्यापूर्वी असा सराव ब्रिस्टल शहरात करावा लागला होता. पुढच्या काळात अमेरिकेच्या एफ.बी.आय. मधील रॉबर्ट हॅन्सन हा अधिकारी रशियनांसाठी कागदपत्रे ठेवत असे ती व्हर्जिनियातील व्हिएन्ना या उपनगरातल्या फॉक्सस्टोन नावाच्या साध्या उद्यानात, एका लाकडी साकवाखाली, आणि त्याची खूण असे उद्यानाच्या फलकावर चिकटवलेली पांढरी पट्टी. १८ फेब्रुवारी २००१ रोजी तो तिथेच पकडला गेला. देशद्रोह करणाऱ्याचे उदाहरण मी कौतुकाने देत नाही. घराजवळच्या बागेत फेरफटका मारणाऱ्या माणसाकडे कोणी पाहत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे आहे.

आमच्या सरावात शस्त्रे नसतात, स्फोटके नसतात, आणि ती कधी नसावीत. जे शिकवायचे आहे ते निरीक्षण, संयम आणि सत्य लिहिण्याची सवय. त्यामुळे एकांताची गरज आमच्यापुरती तरी राहतच नाही.

जागा पाहण्यासाठी मी ज्या दिवशी सराव असेल त्याच वाराला आणि त्याच वेळेला जातो. रविवार संध्याकाळची तलावपाळी आणि मंगळवार दुपारची तलावपाळी यांत इतका फरक आहे की एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. गेल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा की, इथे दहा मिनिटे थांबलेल्या माणसाकडे पाहून कोणाला काही वाटेल का. बसथांबा, वाचनालयाच्या पायऱ्या, शहाळेवाल्याची गाडी, चपला दुरुस्त करणाऱ्याची बैठक, देवळासमोरचा पार, इथे माणूस थांबलेला असणे साहजिक असते. याउलट भिंतीच्या कोपऱ्यात किंवा झुडपाजवळ तो दोन मिनिटे जरी रेंगाळला, तरी समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी गॅलरीतून त्याला पाहिलेले असते.

निरोप ठेवण्याच्या जागेसाठी आडोसा क्षणभराचाच लागतो. पायवाटेचे वळण, वडाचे रुंद खोड, कमानीचा खांब, असे काहीतरी की जिथे चालणारा माणूस मागून येणाऱ्याला तीन-चार सेकंद दिसत नाही, आणि तेवढ्या वेळात हात सहज जाईल अशा उंचीवर एखादी फट किंवा खोबण आहे. फार वाकावे लागत असेल तर ती जागा सोडून द्यावी. बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त मुले इतक्या वेळा वापरतात की त्याचाच संशय येऊ लागतो. ती जागा शब्दांत सांगता आली पाहिजे. ‘डावीकडचा तिसरा बाक’ हे वर्णन कुचकामी असते, कारण कोणत्या फाटकातून आल्यावर डावीकडे हे त्यात नसते आणि बाक हलवलेलाही असू शकतो. मी जागा ठरवली की तिचे वर्णन दोन ओळींत लिहितो आणि ती कधीही न पाहिलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला तो कागद देऊन पाठवतो. त्याला कोणालाही न विचारता, न घुटमळता ती सापडली, तरच ती सरावासाठी घेतो. निरोप ठेवला आहे हे सांगणारी खूण याहून वेगळ्या ठिकाणी असावी, थांबावे न लागता येता-जाता दिसेल अशी. वॉशिंग्टनमधील ऑल्ड्रिच एम्स हा सी.आय.ए.चा फितूर अधिकारी रस्त्यावरच्या टपालपेटीवर खडूची रेघ ओढत असे. आमची मुले फक्त पदपथाच्या कडेच्या दगडावर खडू वापरतात. झाडे, देवळे आणि जुन्या वास्तू यांना हात लावायचा नाही, हा दंडक आहे.

आपल्याकडच्या ऋतूंचा हिशेब परदेशी माहितीपत्रकांत मिळत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो. जूनमध्ये उगवलेले गवत ऑक्टोबरपर्यंत खांद्याला लागते आणि फेब्रुवारीत तिथे वाळलेल्या काड्या उरतात. सप्टेंबरात पाहून ठेवलेला आडोसा मार्चमध्ये उघडा पडतो. पावसाळ्यात फटींमध्ये पाणी झिरपते, गोम आणि विंचू निवाऱ्याला येतात, म्हणून जिथे हात घालताना आत काय आहे हे दिसत नाही अशी खोबण मी कोणत्याही महिन्यात वापरत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातनंतर, त्यामुळे उन्हाळी शिबिराचे वेळापत्रक जसेच्या तसे नाताळच्या सुटीत वापरल्यास मुले अंधारात सापडतात. उद्यानांचे सफाई कामगार सकाळी लवकर येतात आणि आपले काम नेटाने करतात. रात्री ठेवलेला निरोप त्यांच्या झाडूत जातो. अनेक उद्याने दुपारी बंद असतात. ही माहिती फलकावर मिळते, परंतु माळीकाका आणि सुरक्षारक्षक यांच्याशी पाच मिनिटे बोलल्यावर जे कळते ते फलकावर नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सरावावर देखरेख करणाऱ्या मोठ्या माणसांच्या जागा आधी ठरवाव्यात आणि मुलांच्या नंतर. मुलाला आपण एकटेच आहोत असे वाटले पाहिजे, आणि ते एक क्षणही आपल्या नजरेबाहेर जाता कामा नये. ज्या जागेत या दोन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत ती जागा कितीही सुंदर असली तरी नको. पाण्याच्या काठावर, रस्ता ओलांडावा लागेल तिथे आणि जिन्यांच्या तोंडाशी एक मोठा माणूस उभा असलाच पाहिजे.

या कसोट्या लावल्या की आपली दोन्ही शहरे किती संपन्न आहेत ते कळते. मासुंदा तलावाचा काठ, म्हणजे आपली तलावपाळी, ही निरीक्षणाच्या सरावासाठी मला माहीत असलेली सर्वांत उत्तम जागा आहे. कठड्यावर बसलेल्या मुलाला पाण्यापलीकडचा काठ स्वच्छ दिसतो, बसून राहणे तिथे अगदी साहजिक असते, गडकरी रंगायतनच्या बाजूने नाटकाची गर्दी ये-जा करते, कोपिनेश्वर मंदिराकडून भाविक येतात, आणि बाहेर पडायला अनेक रस्ते आहेत. मात्र पाठलाग ओळखण्याचा सराव तिथे घेऊ नये. तलावाभोवती फेऱ्या मारणारा प्रत्येक माणूस पुन्हा पुन्हा समोर येतो, त्यामुळे तोच चेहरा दुसऱ्यांदा दिसला यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या सरावाला नौपाड्यातील गोखले रोड आणि राम मारुती रोड यांच्या मधल्या गल्ल्या योग्य आहेत. दुकानाच्या काचेत पाहणे, औषधाच्या दुकानात शिरणे, एका गल्लीतून दुसऱ्या रस्त्यावर येणे, यांतल्या प्रत्येक वळणाला साधे कारण असते, आणि तीन वेगवेगळ्या वळणांनंतरही जो चेहरा मागे राहिला त्याची नोंद करण्यात अर्थ असतो. जांभळी नाक्याच्या बाजारात सणापूर्वीच्या आठवड्यात हे सराव घेऊ नयेत. तिथे मुले हरवतात आणि व्यापाऱ्यांना उगाच त्रास होतो.

नवी मुंबईत याच्या उलट अडचण येते. सिडकोने आखलेले रस्ते रुंद आणि सरळ आहेत, सेक्टरच्या कडेला पदपथावर दुपारी चिटपाखरूही नसते, आणि मागून येणारा माणूस दोनशे पावलांवरून दिसतो. म्हणून तिथे मुलांना समोरच्या पदपथावरून चालायला आणि अंतर राखायला शिकवता येते, जे नौपाड्यात जमत नाही. नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’चा चालण्याचा मार्ग आणि खारघरचे सेंट्रल पार्क ही दोन ठिकाणे निरोपाच्या सरावाला चांगली आहेत, सेंट्रल पार्क विस्ताराने मोठे असल्यामुळे त्याचा एकच भाग ठरवून घ्यावा आणि त्याच्या सीमा मुलांना प्रत्यक्ष चालून दाखवाव्यात. वाशीच्या सागर विहारला खाडीकडच्या बाजूला मुलांना जाऊ देऊ नये. सिडकोची भव्य रेल्वे स्थानके, त्यांतले भुयारी मार्ग आणि प्रशस्त दालने पाहून कोणालाही मोह होईल, परंतु रेल्वेचे आवार, खाडीपूल, बंदर आणि विमानतळाचा परिसर या सरावांतून कायमचे वगळलेले बरे.

हे सराव गर्दीत घ्यायचे म्हटल्यावर लोकांच्या बाजूनेही विचार करावा लागतो. बाकाखाली ठेवलेला डबा आयोजकाच्या दृष्टीने निरोप असतो आणि इतरांच्या दृष्टीने बेवारस वस्तू. बेवारस वस्तू दिसल्यास पोलिसांना कळवा, असे आपण नागरिकांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, आणि बॉम्बशोधक पथकाला एका खेळासाठी धावत यावे लागणे अक्षम्य आहे. म्हणून डबे, पिशव्या, नळकांडी, वायर किंवा बॅटरी असलेली कोणतीही वस्तू वापरू नये. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची घडी घातलेली चिठ्ठी पुरेशी असते, तिच्यावर बाहेरून ‘मुलांच्या सरावाचा निरोप’ असे लिहून आयोजकाचा दूरध्वनी क्रमांक द्यावा, आणि सराव संपताच ठेवलेली प्रत्येक चिठ्ठी मोजून परत घ्यावी. तसेच नजर ठेवायची ती नेहमी आपल्याच, आधी ठरवलेल्या आणि संमती दिलेल्या कार्यकर्त्यावर. अनोळखी व्यक्तीच्या मागे मुलांना कधीही लावू नये आणि कोणाचेही छायाचित्र घेऊ देऊ नये. स्त्रीचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी, परक्या माणसाच्या खासगीपणाचा मान राखणे हे शिकवल्याखेरीज ही विद्या मुलांच्या हाती देऊ नये, असे मी मानतो.

काही पालक विचारतात की मुलांना हेरगिरी कशासाठी शिकवायची. त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझा अनुभव असा की, या सरावांतून आलेली मुले रस्त्याने चालताना मोबाइलमध्ये डोके घालत नाहीत. कोणत्या झाडाला यंदा बहर उशिरा आला, रोज दिसणारा फुलवाला आज का नाही, कोणत्या वळणावरचा दिवा बंद आहे, हे त्यांना दिसते. ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक ती लिहिताना पाळतात. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले तेव्हापासून निरीक्षण हा स्काउट शिक्षणाचा भाग आहे, आणि झाकलेल्या तबकातील वस्तू आठवून सांगण्याचा ‘किम्स गेम’ आजही पथकांत खेळला जातो. आम्ही तबकाच्या जागी आपले गाव ठेवतो.

म्हणून महापालिकांना विनंती अशी आहे. प्रत्येक प्रभागातील एक-दोन उद्याने अशा देखरेखीखालील सरावांसाठी निश्चित करावीत. आज परवानगी मागायला गेलेल्या आयोजकाला ती कोणत्या विभागाने द्यायची हेच अनेकदा कळत नाही. लग्नाचे छायाचित्रण आणि राजकीय कार्यक्रम यांसाठीचे अर्ज त्याच्या हाती दिले जातात, आणि कंटाळून तो येऊरच्या किंवा खारफुटीच्या वाटेला लागतो, जिथे विचारणारा कोणी नसतो. त्याऐवजी एका पानाचा अर्ज असावा. त्यात सरावाचे स्वरूप, वेळ, मुलांची संख्या, त्यांच्यासोबतच्या मोठ्या माणसांची संख्या, पालकांची लेखी संमती आणि ठेवल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांचा नमुना एवढेच मागावे. मंजुरीची प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला आणि त्या दिवशी कामावर असलेल्या सुरक्षारक्षकाला मिळाली पाहिजे. यांतली दुसरी प्रत हमखास विसरली जाते आणि मग फाटकावर वाद होतो. जी उद्याने सिडकोच्या ताब्यात आहेत त्यांच्यासाठी सिडकोनेही हीच पद्धत ठेवावी.

शिबिरे घेणाऱ्या संस्थांनीही ही परवानगी मिळेपर्यंत थांबावे आणि तोवर आपल्या शाळेच्या किंवा गृहसंकुलाच्या आवारात सराव घ्यावेत. ठाण्यातील आणि नेरूळ-खारघरमधील ज्या जागा मी पाहिल्या आहेत, त्यांची वर्णने, तिथल्या वर्दळीच्या वेळा आणि मुलांना कुठे जाऊ देऊ नये याची टिपणे माझ्याकडे लिहून ठेवलेली आहेत. दोन्ही उद्यान विभागांना किंवा कोणत्याही शाळेला ती हवी असल्यास मी आनंदाने देईन. दिवाळीच्या सुटीतील शिबिरांची आखणी गणेशोत्सव संपताच सुरू होते, त्याआधी या विषयावर निर्णय झाला तर यंदाच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे